किनुएचे कपडे

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुला कितीदा फोन केला. दर वेळी मारोतीमामाच उचलतात आणि म्हणतात, "फोन खराब आहे, तुही आत्या म्हणते चिठ्ठी लिही." खराब फोनवर मामांचा आवाज इतका छान कसा येतो, हे काही मला कळलं नाही. पण लिहिते.

आत्या, मला शिवण शिकव. हसू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाभुळगावला यायचे, तेव्हा तू म्हणायचीस, "पिंके, निदान बटन लावायले तरी शिक." मी दुकानात तुझ्या पायाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचे आणि चहा आला की पळायचे. आता गरज पडली आहे.

तुला माहीत आहे, मी इथे व्हिडिओ गेम तपासायचं काम करते. दिवसभर खेळायचं आणि कुठे काय बिघडलंय ते लिहून द्यायचं. जानेवारीत पुण्यात गेम खेळणाऱ्यांचा मोठा मेळावा आहे. तिथे लोक गेममधल्या पात्रांसारखे कपडे करून येतात. त्याला कॉस्प्ले म्हणतात. त्याची स्पर्धा असते आणि एक नियम फार कडक आहे. पोशाख स्वतः शिवलेला हवा. परीक्षक शिवण उलटी करून बघतात. सल्ला कुणाचाही घ्या, टाका मात्र आपलाच.

मला जुन्या जपानी पद्धतीचा पांढरा, पायघोळ पोशाख करायचा आहे. त्याचा फोटो छापून सोबत पाठवते. चेहरा कापला गेलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस. बाह्या बघ. त्या कशा लावतात?

तुझी,
प्रियंका


बाभुळगाव,
१७ ऑगस्ट २०२५

चि. पिंकीस,
जयभीम.

तुही चिठ्ठी भेटली. फोटो पाह्यला. पांढरा पोशाख, पायापर्यंत, अन् चेहरा कैचीनं कापलेला. पिंके, माह्ये केस उन्हानं पांढरे नाई झाले. आपल्या पोरी पांढरं कवा नेसतात हे मले चांगलं माहीत आहे. म्या सोता किती लग्नाच्या पोरींचे पांढरे ब्लाउज शिवले. जानेवारीत लग्न करून राह्यली असशीन तं सरळ सांग. पोरगा जपानी आहे काय? थे लोक तं बुद्धाले मानतात, तुह्या बापाले समजावणं काई कठीण नाई जायचं. फक्त त्याले आपलं तिखट चालते का थे आधी विचारून घेजो.

आता शिवायचं. म्या दिवसभर फोटो घेऊन बसली. काखेचा मुंढा नाई, टकाची चिमटी नाई, कुठं गोल कापच नाई. सगळ्या सरळ पट्ट्या जोडल्या. दिसाले सोपं आहे, पण सरळ टाका वाकडा गेला का लपवाले जागा नाई. म्हणून पहिले मांजरपाट आण, त्याच्यावर हात बसू दे. चांगल्या कपड्याले मंग कैची लावजो. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, दोन बोटं सोड. जपानी लोक सोडत असतीन का नाई मले माहीत नाई, पण माया कमी पडली का उसवल्यावर काईच करता येत नाई.

सोबत बाहुलीच्या मापाची एक बाही शिवून पाठवली. उसवून पाह्य, अन् तशीच पुन्हा जोड.

फोन खराबच आहे.

तुही आत्या,
सत्यशीला


पुणे,
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारची मुलगी पाणी घेऊन आली. लग्न नाही. जपानी मुलगा नाही. कुठलाच मुलगा नाही.

खरं सांगते, म्हणजे चेहरा का कापला ते कळेल. ती भूत आहे. भीतीचा गेम आहे तो. नदीकाठचं एक जुनं घर, तुमच्या हातात एक कंदील, आणि घरात ती फिरत असते. किनुए तिचं नाव. ती दिसत नाही. चटईवरून ओला घोळ ओढत येण्याचा आवाज तेवढा येतो. कानाला हेडफोन लावून बसायचं, आवाज कुठल्या बाजूने येतोय ते ओळखायचं आणि दुसरीकडे सरकायचं. आवाज ओळखता आला नाही तर संपलं. मी आजवर इतके गेम खेळले, पण रात्री चप्पल घासत कुणी गेलं तरी अजून दचकते.

तुझी बाही उसवली आणि पुन्हा शिवली. माझे टाके शेळ्या गेलेल्या वाटेसारखे दिसतात. पण एक गोष्ट कळली नाही. तुझी बाही सगळी हाताने शिवलेली आहे. हे तुला कसं सुचलं? तिकडे पूर्वी हे कपडे हातानेच शिवायचे, साध्या धावदोऱ्याने. धुवायच्या वेळी उसवून पट्ट्या वेगळ्या करायचे आणि वाळल्या की पुन्हा जोडायचे. आणि मायेचं तू बरोबर ओळखलंस. तेही कापड कापून टाकत नाहीत, आत दुमडून ठेवतात. मी मशीन घ्यायला निघाले होते. आता घेत नाही.

एक विचारू? तू माझ्यावर रागावली आहेस का? जयंतीला आले नाही म्हणून? इतके दिवस कुणाचा फोन खराब राहतो?

तुझी,
पिंकी


बाभुळगाव,
१४ सप्टेंबर २०२५

चि. पिंकीस,
जयभीम.

तुही चिठ्ठी वाचून म्या बाजूले ठेवून देल्ली. तुह्या आज्यानं दीक्षा घेतली तवा अंगारे, धुपारे, भूतबाधा सगळं घराबाहेर काढलं. अन् त्याची नात भुताचे कपडे शिवते! मामा म्हणे, "खेळ आहे तो, कायले मनाले लावून घेतं." म्या त्याहिले म्हटलं, खेळ असो नाई तं काई असो, म्या नाई सांगत.

मंग दोन दिवस डोक्यात तेच. भूत नसते. पण कपडे आहेत म्हणजे बाई असंन. ही किनुए मरायच्या आधी कोण होती? कोणाच्या घरची? कोणासाठी पांढरं नेसली? थे लिही. अंगावर माप घेतल्याशिवाय म्या कोणाचं शिवत नाई.

तोवर घोळाची दुमड कर. सुई तिरपी घाल, वरच्या कपड्याचा एकच धागा उचल, दोन उचलू नको. बाहेरून टाका दिसला का उसव. कंटाळा आला तं उठून चहा पी, पण उसव.

तुह्यावर राग कायचा? जयंतीले नाई आली तं नाई आली. हातानं शिवलं कारण मले हातानं शिवावं वाटलं.

तुही आत्या


पुणे,
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी तू विचारलंस ते सांगते.

किनुए एका नदीकाठच्या गावची विणकरीण. गावाचा बांध दर वर्षी फुटायचा. कुणीतरी म्हणालं, बांधाला माणूस द्यावा लागेल. किनुएला आईबाप नव्हते. तिला सांगितलं, पलीकडच्या गावात तुझं लग्न ठरलंय. तिने स्वतः कापड विणलं, स्वतः शिवलं, आणि ते नेसून वरातीसोबत निघाली. वरात बांधापाशी थांबली. एवढीच गोष्ट. गेममध्ये ती कुणाचा सूड घेत नाही. ती अजून पलीकडच्या गावाला चालली आहे, आणि वाटेत जो येतो तो बुडतो.

त्या पोशाखात एक बारकावा आहे. जिवंत माणूस पोशाखाची डावी बाजू उजवीवर घेऊन बांधतो. मेलेल्याला नेसवताना उलटं करतात, उजवी वर. किनुएची उजवी वर आहे. स्पर्धेत हे बघतात.

आता माझं. दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. गर्दीत तुझ्या शेजारच्या शीलाताई भेटल्या. मी आनंदाने विचारलं, आत्या कुठंय? त्या म्हणाल्या, "ती आता गर्दीत येत नाई. दुकान बी उन्हाळ्यापासून बंद आहे. तुले नाई सांगतलं?"

नाही सांगितलं. मी तुला घोळ आणि बाह्या विचारत राहिले, आणि तू दुकान बंद करून बसली होतीस. तुला काय झालंय, आत्या? आजारी आहेस का? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या आत्याचं तिलाच विचार. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही.

गळ्याची पट्टी चुकली आहे. पण त्याचं राहू दे.

प्रियंका


बाभुळगाव,
२ नोव्हेंबर २०२५

चि. पिंकीस,
जयभीम.

शीलाच्या पोटात काई राह्यत नाई. बरं झालं, मले सांगाचं जड जात होतं.

मले ऐकू येत नाई. उजव्या कानानं दोन वर्षांपासून कमी झालतं, आता डाव्यानं बी गेल्यासारखंच आहे. मामा जोरात बोलतात तं भिंतीपलीकडून बोलल्यावानी येते. फोनवर तं नुसती घरघर. तू "आत्या, आत्या" करशीन अन् म्या भलतंच काई बोलीन, म्हणून म्या फोन घेतला नाई. तुले वाटलं राग. म्या म्हटलं, वाटू दे.

दुकानाचं असं झालं. देवराव पाटलाच्या पोरीचं लग्न होतं मे महिन्यात. ती म्हणाली बाह्या लांब ठेवा. मले ऐकू आलं लहान. म्या पुन्हा विचारलं नाई, कारण सकाळपासून चार बायाहिले पुन्हा पुन्हा विचारून झालतं अन् थे एकमेकींकडे पाहून हसत होत्या. ब्लाउज पाहून पोरगी रडली. तिची माय दुकानात उभी राहून मले बोलली. तिचं तोंड हालताना दिसलं, शब्द काई आले नाई. म्या नुसती हाव हाव करत राह्यली.

मंग मशीन. पिंके, मशीन कानानं चालते हे मले बी ठाऊक नव्हतं. दोरा अडकला, सुई वाकली, सगळं आधी ऐकू येते. आता सुई बोटात गेली तवाच कळलं. त्या दिवशी शटर ओढलं.

तुही पहिली चिठ्ठी आली तवा म्या दोन महिने सुईले हात लावला नव्हता. बाहुलीची बाही हातानं शिवली थे जपानी पद्धत माहीत होती म्हणून नाई. मशीनजवळ जाची हिंमत नव्हती म्हणून. पण शिवताना बरं वाटलं. त्यात कोणाचं ऐकाचं काम नव्हतं.

तुही किनुए मनातून जात नाई. आपल्याकडं बी म्हाताऱ्या सांगत, तळ्याले पाणी लागेना म्हणून सून देल्ली. ऐकताना आम्ही पोरी कधी विचारलं नाई का त्या सुनेले कोणी विचारलं होतं काय. तू लिहितं, मेलेल्याची उजवी बाजू वर. पण बांधापर्यंत चालत गेली तवा ती जित्ती होती ना? सोताच्या हातानं नेसली होती ना? मंग बाजू फिरवली कोणी? ज्याहिनं ढकललं त्याहिनंच. आता स्पर्धेवाले काय पाहतात थे पाहून तू ठरव. म्या काई म्हणत नाई.

गळ्याच्या पट्टीले आतून कच्चा टाका मार, मंग मानेच्या मधातून सुरू करून दोन्हीकडं जा. एका टोकापासून गेली म्हणून चुकली.

माह्यी काळजी करू नको.

सत्यशीला आत्या


पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र पिशवीत घेऊन फिरते आहे. लिहायच्या आधी एक केलं. किनुएचा गेम आवाज बंद करून खेळून पाहिला. घराच्या दारातच बुडाले. पुन्हा खेळले, पुन्हा बुडाले. भीती वाटायलाही वेळ मिळत नाही, ती आली हे कळायच्या आतच संपतं. मला वाटलं, दुकानात तुला हे रोज होत असेल.

तो गेम आमच्याकडचा नाही, त्यात मला काही बदलता येणार नाही. पण आमच्याकडे तपासायला येणारा प्रत्येक गेम आता मी एक वेळ आवाज बंद करून खेळते, आणि जिथे अडकते तिथे लिहून देते की इथे हातातलं यंत्र थरथरू द्या, नाहीतर पडद्यावर खूण दाखवा. साहेब म्हणाले, असे किती जण खेळणार आहेत? मी म्हटलं, माझी आत्या.

आता हट्ट. जानेवारीत मामांना घेऊन पुण्याला ये. त्याआधी यवतमाळला कान दाखव. "हाव हाव" लिहू नकोस, खरंच दाखव.

आणि येताना थोडी काळी माती आण. किनुएचा घोळ नदीतून आल्यासारखा मळवायचा आहे. इकडच्या मातीचा तसा डाग पडत नाही.

गळ्याची पट्टी बसली. मधून सुरू केलं.

तुझी,
पिंकी


बाभुळगाव,
२८ डिसेंबर २०२५

चि. प्रियंकास,
मारोतीमामाचा जयभीम.

तुही आत्या लिहून नाई राह्यली म्हणून मी लिहितो. यवतमाळले नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाचं काई होत नाई, डाव्याले मशीन लावलं तं थोडंफार येईन. लावलं. भांड्यांचा आवाज तिले सहन होत नाई, काढून डबीत ठेवते. सवय होईन म्हणतात.

आम्ही शुक्रवारी पोहोचतो. पुण्याले जाचं तिले भेव आहे, एवढ्या लोकांत कोणी काई विचारलं तं काय करीन म्हणते. पण साडी इस्त्री करून ठेवली.

माती घेतली. ती विचारत होती, एवढं मेहनतीनं शिवाचं अन् मंग चिखलात बुडवाचं, हे कोणतं शिक्षण.

मारोतीमामा


पुणे,
१३ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचा मामांचा फोन आला. गाडीच्या घाईत धड बोलणं झालंच नाही. स्टेशनवर मी तुला काही विचारलं, तर तू डाव्या कानाला हात लावून मान हलवलीस आणि हसलीस. म्हणून लिहिते.

माझा नंबर आला नाही, हे तुला माहीत आहे. का आला नाही ते सांगते. स्टेजच्या मागे आरशासमोर उभी राहिले. उजवी बाजू वर घेऊन बांधलं, जसं चित्रात आहे तसं. सगळं बरोबर दिसत होतं. माझं नाव पुकारायला थोडाच वेळ होता. आणि मला वाटलं, हे मी शिवलंय. किनुएनेही शिवलं होतं. मी पट्टा सोडला आणि डावी बाजू वर घेतली.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. शिवण उलटी करून बराच वेळ पाहिली, घोळावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काम सुरेख आहे, पण हे पात्र मेलेलं आहे. बाजू चुकली." मी म्हटलं, "चुकली नाही. ती बांधापर्यंत पोहोचायच्या आधीची आहे, घोळाला लागलाय तो वाटेतला चिखल." त्या म्हणाल्या, "मूळ चित्रात तसं नाही." मी म्हटलं, "हो." त्यांनी गुण कापले. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण परत तशीच वेळ आली तर मी तसंच बांधीन.

मग मी स्टेजवर चालले, आणि पहिल्या रांगेत तुझी खुर्ची रिकामी. मामाही नाहीत. मला वाटलं, तुला गर्दीचा त्रास झाला, तुला उगाच आणलं. पूर्ण वेळ मी त्या खुर्चीकडेच पाहत होते. आत्या, तू कुठे होतीस?

तुझी,
पिंकी


बाभुळगाव,
२५ जानेवारी २०२६

चि. पिंकीस,
जयभीम.

तू स्टेजवर गेलती तवा माह्या मांडीवर एका राक्षसाचा पंख होता. तुह्यं चालणं पाह्यलं नाई म्हणून मले आतून लय लागलं. म्हणून स्टेशनवर हसली अन् कानाचं निमित्त केलं. आता सगळं लिहितो.

आत बसली तवा ढोल इतका जोरात का छातीत ठोके बसून राह्यलते. कानातलं मशीन काढलं. मामा चहा पाहाले गेले. म्या जरा बाहेर, त्या लांब व्हरांड्यात आली. तिथं एक पोट्टा उभा, तुह्याच वयाचा. अंगावर काळे पंख, घरापेक्षा मोठे. एक पंख खांद्यातून फाटून लोंबलेला. रडाले आलेला चेहरा, त्यावर दोन शिंगं. त्यानं मले काई म्हटलं. म्या नेहमीसारखी घाबरली. आता हाव म्हणू का नाई म्हणू?

मंग पाह्यलं तं बाजूच्या पोरीले बी त्याचं ऐकू नव्हतं येत. तिनं कानाजवळ हात नेला अन् डोकं हालवलं. त्यानं बोटानं पंख दाखवला. पिंके, म्या चारी बाजूले पाह्यलं. त्या आवाजात कोणालेच कोणाचं ऐकू येत नव्हतं. सगळे हातानं बोलून राह्यलते. कोणी मोबाईलवर लिहून दाखवे, कोणी ओठ मोठे करून. एवढ्या लोकांत म्या एकटी बहिरी नव्हती.

म्या पिशवीतून सुईदोरा काढला अन् त्याले बोटानं म्हटलं, बस. तो खाली बसला. जाड कपडा होता, दुहेरी दोरा घेतला. तो उठत नाई तं एक तलवारवाली पोरगी आली, तिचा पट्टा तुटला होता. मंग लांब केसाचा कोणी, मंग निळ्या तोंडाचा. जो येई तो फाटलेली जागा दाखवे, म्या बोट ठेवून विचारे, इथं? तो मान हालवे. मामा चहा घेऊन आले तं माह्यासमोर भुताखेतांची रांग. त्याहिनं चहा ठेवला अन् दोरे ओवून द्याले बसले.

तेवढ्यात तुह्यं नाव पुकारलं असंन. मले कसं कळावं?

तू डावी बाजू वर घेतली, थे वाचून म्या चिठ्ठी मामाले देल्ली अन् मागच्या अंगणात जाऊन उभी राह्यली.

सोमवारी शटर उघडलं. मशीनवर डावा हात ठेवून पाय मारला. दोरा अडकला का तळहाताले कळते, थोडं हळू चालवा लागते एवढंच. कानाचं मशीन सकाळी लावतो, दुपारी काढतो.

काल माही जुनी गिराईक कौसल्या आली, ब्लाउजचं कापड घेऊन. दारातूनच ओरडाले लागली, सगळ्या बाजाराले ऐकू जाईन इतक्या जोरात. गळ्याच्या शिरा फुगल्या बिचारीच्या. म्या कैची ठेवली, तिचा हात धरून आत आणलं, अन् टेप तिच्या हातात देल्ला.

"ओरडू नको बाई," म्या म्हटलं. "दाखव."

तिनं टेप खांद्यापासून कोपरापर्यंत नेला. म्या बोट ठेवलं. इथं? तिनं मानेनं नाई म्हटलं, अन् माह्यं बोट आणखी बोटभर खाली सरकवलं.

तुही आत्या,
सत्यशीला